व्यवसायासाठी कर्ज : तारण, गहाण आणि जामीनकीच्या कागदांवर सही करण्यापूर्वी

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार. मी वकिली करतो. बँकांसाठी मालमत्तेचा सर्च काढणे (म्हणजे तिच्यावरचे जुने व्यवहार आणि बोजे सरकारी नोंदींत तपासणे), तारणाचे कागद तयार करणे आणि प्रसंगी कर्जदाराच्या बाजूने पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात उभे राहणे, अशी दोन्हीकडची कामे माझ्याकडे असतात. मंजुरीपत्र हाती आले की उद्योजक व्याजाचा दर, मर्यादा आणि हप्ता हे आकडे बारकाईने पाहतात, पण तारणाचा परिच्छेद "ते सगळ्याच बँका लिहून घेतात" असे म्हणून न वाचताच पान उलटतात. पुढे जे दावे उभे राहतात त्यांतले बहुतेक नेमके त्याच परिच्छेदातून निघतात, म्हणून हा धागा काढला आहे.

मला ठासून सांगायचे आहे ते इतकेच, की कर्जाचा करार वेगळा, तारणाचा वेगळा आणि जामीनकीचा तिसरा. पहिला संपला म्हणजे उरलेले दोन आपोआप संपतातच असे नाही, कारण ते कोणकोणत्या देण्यांसाठी बांधले आहेत हे त्या त्या कागदात लिहिलेले असते आणि न्यायालय तो कागदच वाचते.

तारणाचे प्रकार थोडक्यात सांगतो. कच्चा माल, तयार माल, येणी आणि यंत्रे यांवर बँक नजरगहाण घेते. माल तुमच्याच ताब्यात राहतो, तुम्ही तो विकू शकता आणि बँकेचा हक्क बदलत्या साठ्यावर चालू राहतो. याउलट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७२ मधील तारणात (इंग्रजीत प्लेज) वस्तूचा ताबा द्यावा लागतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या गोदामाला बँकेचे कुलूप असते आणि पैसे भरल्याशिवाय पोते हलत नाही, ते या प्रकारचे तारण. ताब्याचे बळ केवढे असते ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या सिरिगुप्पा शुगर्स निकालात दिसते. कर्नाटकातल्या त्या कारखान्याच्या साखरेवर ऊस आयुक्त आणि कामगार या दोघांनीही देण्यांसाठी हक्क सांगितला होता, तरी तारण घेतलेल्या बँकेचा हक्क न्यायालयाने वरचढ मानला. अशा धनकोला कलम १७६ नुसार वाजवी नोटीस देऊन माल विकता येतो, त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही.

आता स्थावर मालमत्ता. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार आहेत. व्यापारी कर्जात सर्वांत जास्त वापरला जातो तो मूळ कागद जमा करून केलेला गहाणाचा प्रकार, कारण शंभर रुपये किंवा त्याहून जास्त रकमेच्या इतर गहाणांना कलम ५९ नुसार नोंदणीकृत दस्त आणि दोन साक्षीदार लागतात (त्याहून कमी रकमेच्या गहाणांत, साधे गहाण सोडल्यास, ताबा देऊनही चालते), तर येथे मुख्य असतो तो कागद हवाली करण्याचा हेतू. मालमत्ता कुठेही असली तरी चालते, पण कागद मुंबईत किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या शहरात जमा व्हावे लागतात. खेड्यातल्या कारखानदाराला सही करायला शहरातल्या शाखेत बोलावतात ते यासाठी.

त्या दिवशी शाखेत काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. तुम्ही खरेदीखत, सूची क्रमांक दोन, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, कराच्या पावत्या असा गठ्ठा अधिकाऱ्याच्या हाती देता. अधिकारी यादी करून बँकेच्या नोंदवहीत टिपण लिहितो. दुसऱ्या दिवशीची तारीख घातलेले एक पत्र तुमच्याकडून घेतात. त्यात सगळी क्रियापदे भूतकाळी असतात : "मी काल आपल्या शाखेत आलो होतो आणि खालील कागद तारण म्हणून जमा केले होते." गहाण कागद देतानाच पूर्ण झाले, हा कागद केवळ त्याची नोंद आहे, असे दाखवण्यासाठी ही रचना असते. तोच कागद गहाणाचा करार ठरला तर त्याची नोंदणी करावी लागते. माझी विनंती आहे की याच पत्रात "कशासाठी" हा शब्दसमूह शोधा. तेथे "सदर मुदत कर्जाच्या परतफेडीसाठी" असे आहे, की "कर्जदाराच्या सध्याच्या व भविष्यातील सर्व देण्यांसाठी" असे आहे, यावर तुमची मालमत्ता कधी मोकळी होणार ते ठरते.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. त्यामुळे पूर्वी जे गहाण सर्चमध्ये दिसतच नसे, ते आता दिसते. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते, कारण एकच फ्लॅट दोन बँकांकडे गहाण पडल्याची प्रकरणे पूर्वी वारंवार येत असत.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, अत्यंत उपयुक्त लेखन. आमची शिरोलीला लहान फाउंड्री आहे आणि माझा प्रश्न तुमच्या त्या "कशासाठी" या शब्दसमूहाशी थेट जोडलेला आहे. मशिनरीसाठी घेतलेले मुदत कर्ज आम्ही वेळेआधी पूर्ण फेडले. त्यासाठी वडिलांच्या नावावरचे राहते घर गहाण दिले होते. आता बँक म्हणते की त्याच शाखेत धाकट्या भावाच्या फर्मचे कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल करता येणारे कर्जखाते) आहे आणि त्यालाही हेच घर तारण आहे, म्हणून कागद परत मिळणार नाहीत. वडील म्हणतात, त्यांनी एकदाच सही केली होती. शिवाय कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत न केल्यास बँकेला दररोज ५,००० रुपये द्यावे लागतात असे वाचले आहे. ते आम्हाला लागू होते का?

सह्यवाट

कृष्णाकाठ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याबाबत गैरसमज फार पसरला आहे. रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक १३ सप्टेंबर २०२३ चे असून १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ३० दिवसांची मुदत आणि दररोज ५,००० रुपयांची भरपाई त्यात आहे हे खरे, पण त्याच्या शीर्षकातच वैयक्तिक कर्जे असा उल्लेख आहे. गृहकर्ज त्यात येते, कारखान्याच्या यंत्रांचे कर्ज येत नाही. म्हणून व्यवसायाच्या कर्जात कागद परत करण्याची मुदत मंजुरीपत्रातच लिहून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. बँक हे नेहमीच मान्य करते असे नाही, पण मागितल्याशिवाय मिळत तर नाहीच.

तरीही तुमची बाजू निराधार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० नुसार गहाणाची रक्कम दिल्यावर मालमत्ता सोडवून घेण्याचा आणि कागद परत मागण्याचा हक्क गहाण देणाऱ्याला आहे, आणि तो हक्क काढून घेणारी अट न्यायालये मानत नाहीत. त्याच्या पुढचे कलम ६१ तुमच्या प्रकरणात जास्त महत्त्वाचे आहे. एकाच धनकोकडे दोन गहाणे असतील तर त्यांतले कोणतेही एक स्वतंत्रपणे सोडवता येते, असे ते सांगते, मात्र "विरुद्ध करार नसल्यास" या अटीवर. बँकेच्या छापील नमुन्यात हा विरुद्ध करार बहुधा असतोच. त्यामुळे वडिलांनी सही केलेल्या पत्राची प्रत लेखी अर्जाने मागवा आणि दोन गोष्टी पाहा. भावाच्या फर्मचे नाव त्यात किंवा नंतरच्या एखाद्या विस्तारपत्रात (तेच गहाण आणखी कर्जाला लागू करणाऱ्या पत्रात) आहे का? आणि "सर्व देणी" म्हणजे कोणाची देणी, कर्जदाराची की गहाण देणाऱ्याची? तुमच्या वडिलांनी फक्त तुमच्या फर्मच्या देण्यांसाठी घर बांधले असेल, तर भावाच्या फर्मसाठी ते अडवून धरायला बँकेला दुसरा कागद दाखवावा लागेल. गहाणाच्या सूचनेची प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळते, त्यात कर्जदाराचे नाव आणि रक्कम असते. बँकेने दाखवलेला कागद आणि ती सूचना ताडून पाहा.

कारखान्याचा भूखंड एमआयडीसीचा असेल तर एक जोड देतो. ती मालकी नसून सहसा ९५ वर्षांचा भाडेपट्टा असतो आणि गहाण ठेवण्यासाठी महामंडळाची संमती लागते. कर्ज फिटल्यावर महामंडळाकडची नोंदही कमी करून घ्या. ती राहून गेली तर भूखंड हस्तांतरित करताना अडचण उभी राहते.

लेखापाल

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून नोंदणीच्या बाजूने थोडी भर घालतो. कर्जदार कंपनी असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ नुसार बोजाची नोंद ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे करावी लागते, आणि जादा शुल्क भरूनही ही मुदत १२० दिवसांपलीकडे जात नाही. नोंद नसेल तर कंपनी बुडाल्यावर अवसायक (तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) तो बोजा विचारात घेत नाही. देणे राहते, पण बँक तारणाशिवायच्या धनकोंच्या रांगेत जाऊन बसते. प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्मसाठी ही नोंद नाही. सर्वांसाठी सामायिक आहे ती सरसाईची (देशभरातल्या तारणांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची) केंद्रीय नोंदणी. ती २०११ मध्ये सुरू झाली, पण तिला खरे दात आले २४ जानेवारी २०२० ला. त्या दिवसापासून सरसाईत नोंद नसलेल्या तारणावर सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणारा कायदा) ताबा किंवा लिलावाची कारवाई करता येत नाही, आणि नोंद असलेल्या धनकोला सरकारी करांच्याही आधी पैसे मिळतात.

या शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे बरीच वर्षे ओढाताण चालू होती, कारण महाराष्ट्राच्या मूल्यवर्धित कर कायद्याच्या कलम ३७ मध्ये विक्रीकर खात्याला पहिला बोजा दिलेला आहे. बँकेने लिलावात विकलेल्या गाळ्यावर खात्याचा बोजा निघे आणि घेणारा अडकून पडे. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ रोजी सरसाईत नोंद केलेल्या धनकोचा अग्रक्रम मान्य केला. लिलावात मालमत्ता घेऊ पाहणाऱ्यांनी हा निकाल आणि सरसाईतील नोंदीची तारीख दोन्ही तपासावीत.

कर्ज फिटल्यावर या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत. कंपनीच्या बाबतीत बोजा फिटल्याची नोंद सीएचजी-४ या नमुन्यात करावी लागते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढवला असेल तर बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे तो कमी करून घ्यावा लागतो. बेबाकी दाखला (काही देणे उरले नसल्याचे बँकेचे पत्र) मिळाला म्हणून लोक निश्चिंत होतात आणि पुढच्या बँकेच्या सर्चमध्ये जुना बोजा जसाच्या तसा निघतो.

अबोली

धागा वाचून लिहायचे धाडस करत आहे. माझ्या दिरांच्या कापडव्यवसायाच्या कर्जाला मी जामीनदार म्हणून सही केली होती. त्यांचे दुकान आणि गोदाम बँकेकडे गहाण आहे, माझे काहीही गहाण नाही. खाते थकले आणि आता माझ्याही नावाने सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस आली आहे. बँक आधी त्यांचे दुकान न विकता माझ्या राहत्या फ्लॅटवर येऊ शकते का? आणि सही होऊन बरीच वर्षे झाली असल्याने मुदतीचा कायदा मला वाचवतो का?

सह्यवाट

अबोलीताई, घाबरून जाऊ नका, पण नोटिशीकडे दुर्लक्षही करू नका.

करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असे जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या निकालात स्पष्ट केले आहे. हा नियम कठोर आहे, आणि नातलगाच्या भिडेखातर सही करणाऱ्या हजारो माणसांना तो नोटीस आल्यावरच कळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परंतु तुमच्या प्रकरणात एक मोठा फरक आहे. सरफेसी कायदा फक्त तारण दिलेल्या मालमत्तेवर चालतो. तुमचा फ्लॅट गहाण नसेल तर बँकेचा प्राधिकृत अधिकारी त्या कायद्याखाली फ्लॅटला हात लावू शकत नाही. तुमच्याकडून वसुली करायची तर बँकेला, येणे २० लाख रुपये किंवा अधिक असल्यास, कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करावा लागेल आणि सहसा वसुलीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर जप्तीचा मार्ग खुला होईल. मात्र कर्ज सहकारी पतसंस्थेचे असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून थेट वसुली दाखला घेतला जातो, आणि तो मार्ग बराच जलद असतो. त्यामुळे धनको कोण आहे ते आधी सांगा. सहकारी बँक असली तर तिला सरफेसी कायदा वापरता येतो. मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला, आणि त्याआधी वर्षानुवर्षे चाललेला वाद संपला.

मुदतीच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या जामीनपत्रात आहे. "मागणी होताच देईन" असे शब्द असतील तर मुदत सहीच्या दिवसापासून नव्हे, तर बँकेने मागणी केल्यापासून मोजली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सिंडिकेट बँकेच्या एका प्रकरणात म्हटले आहे. म्हणून केवळ वर्षे उलटली यावर विसंबू नका. बँकेने मर्यादा नंतर वाढवली का आणि तेव्हा तुमची सही घेतली का, हे तपासा. करार कायद्याच्या कलम १३३ नुसार जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ करारात बदल झाला, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो. छापील जामीनपत्रात हा हक्क सोडून दिल्याचे वाक्य अनेकदा असते, तेही पाहावे लागेल.

मांडवी

मी गोव्याहून लिहिते आहे. आमच्याकडे जमिनीच्या निम्म्या कागदांवर अजून शेतजमीन अशीच नोंद असते, त्यामुळे एक प्रकरण येथे मांडावेसे वाटते. दक्षिण गोव्यातल्या आरोशी किनाऱ्यावरच्या हॉटेलसाठी ब्लू कोस्ट हॉटेल्स या कंपनीने आयएफसीआयकडून १५० कोटी रुपयांचे कर्ज घेतले होते. कर्ज थकल्यावर मालमत्तेचा लिलाव झाला आणि आयटीसीने ती ५१५ कोटींहून अधिक रकमेला घेतली. गहाणातल्या काही जमिनीची नोंद शेतीची होती आणि सरफेसीच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीवरील तारण वगळलेले आहे, असा कंपनीचा एक मुख्य मुद्दा होता. उच्च न्यायालयाने विक्री रद्द केली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी ती कायम ठेवली, कारण ती जमीन हॉटेलच्या प्रकल्पाचा भाग म्हणूनच गहाण दिली गेली होती. याचा अर्थ सातबाऱ्यावर किंवा आमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर भागत नाही, असाच ना?

सह्यवाट

मांडवी, बरोबर. नोंद हा पुरावा आहे, निर्णायक पुरावा नाही. जमीन प्रत्यक्षात कशासाठी वापरली जाते आणि गहाण देताना कोणत्या उद्देशाने दिली हे न्यायालय पाहते. खरोखर पीक घेतले जात असेल तर मात्र संरक्षण मिळते, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदारावर असते. पीकपाहणीच्या नोंदी वेळच्या वेळी करून घेण्याचे हेही एक कारण आहे.

निवृत्त शाखाधिकारी

धाग्यात कर्जदाराची बाजू सविस्तर आली, ते योग्यच आहे. शाखेच्या खुर्चीतून दिसणारे थोडे सांगतो. आम्ही दरमहा स्टॉक स्टेटमेंट घेत असू आणि त्यातून मार्जिन वजा करून उचल किती द्यायची ते ठरवत असू. गोदामाला भेट दिली की पहिल्यांदा दारावरची पाटी पाहायची, "येथील माल अमुक बँकेकडे नजरगहाण आहे" अशी. पाटी पोत्यांच्या मागे गेलेली दिसली की मी त्याच दिवशी माल मोजायला लावत असे. कागदावर चाळीस लाखांचा माल आणि गोदामात जुनाट, न विकला जाणारा साठा, हे मी अनेकदा पाहिले आहे. बँक तारणावर तारण मागते त्याच्या मुळाशी हा अनुभव असतो, आणि बुडतो तो पैसा ठेवीदारांचा असतो. खोटे स्टॉक स्टेटमेंट देणाऱ्यावर फौजदारी कारवाईही होऊ शकते, हे तरुण उद्योजकांनी लक्षात ठेवावे.

तरीही धागाकर्त्यांशी एका बाबतीत मी पूर्ण सहमत आहे. कोरे नमुने सही करून घेण्याची पद्धत मी पाहिली आहे आणि ती चुकीचीच आहे. ग्राहकाने रकाने भरल्याशिवाय सही करू नये आणि प्रत्येक कागदाची प्रत मागावी. प्रत मागणाऱ्या ग्राहकावर चांगला अधिकारी रागावत नाही.

अबोली

धनको बँकच आहे, पतसंस्था नाही, आणि फ्लॅट खरोखरच गहाण नाही, कागद घरातच आहेत. आता मी या ६० दिवसांत नेमके काय करावे? दिरांची इच्छा दुकान वाचवण्याची आहे.

सह्यवाट

अबोलीताई, सर्वांत आधी सरफेसी कायद्याच्या कलम १३(३अ) खाली लेखी म्हणणे द्या. तुम्ही केवळ जामीनदार आहात, तुमची कोणतीही मालमत्ता तारण नाही, जामीनपत्राची, मर्यादावाढीच्या कागदांची आणि खातेउताऱ्याची प्रत मिळावी, हे मुद्दे त्यात असावेत. बँकेने त्याला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवतानाच कर्जदाराचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे असे सांगितले आणि त्यानंतर ही तरतूद कायद्यात आली. या टप्प्यावर न्यायाधिकरणात दाद मागता येत नाही. बँकेने ताब्याची कारवाई केली की तेथून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करता येतो. तेथे हरल्यावर अपील करायचे तर देण्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते, अपील न्यायाधिकरण ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. म्हणून पहिल्याच अर्जात सर्व मुद्दे नीट मांडलेले असावेत.

दिरांना सांगा की दुकान वाचवायचे असेल तर वेळ आताच आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच ती संधी राहते, आणि बाफना मोटर्सच्या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला आहे. वर्तमानपत्रात "जसे आहे, जेथे आहे" तत्त्वावर लिलावाची जाहिरात आल्यावर नातेवाइकांकडून पैसे गोळा करायला निघालेले लोक माझ्याकडे येतात, तेव्हा कायद्याने फार थोडे करता येते. एकरकमी परतफेडीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर तो नोटिशीच्या ६० दिवसांतच द्या, आणि तुमची सहीही मागितली तर तडजोडीच्या पत्रात "रक्कम भरल्यावर जामीनदार मुक्त होईल" हे वाक्य घालून घ्या. तुम्ही स्वतः काही रक्कम भरली तर त्याची पावती तुमच्याच नावाने घ्या. ती रक्कम दिरांकडून मागण्याचा हक्क करार कायद्याचे कलम १४५ तुम्हाला देते, आणि संपूर्ण देणे तुम्ही फेडले तर दुकानावरच्या तारणाचे बँकेचे हक्क कलम १४० नुसार तुमच्याकडे येतात.

म्हणणे नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, नोटिशीवर सही केलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे पाठवा आणि एक प्रत शाखेत देऊन तारखेचा शिक्का घ्या. मसुदा तयार झाला की नावे आणि खाते क्रमांक काढून येथे टाका, मी पाहून देतो.